बंद काचांआडचा धूर

मित्रांनो, मी एक जुनी पिवळी बस आहे. आता ओमानमधल्या इब्रा गावात एका गॅरेजमागे उभी असते. २०१४ साली मात्र मी तिथल्याच सोहार शहरात भारतीय शाळेच्या मुलांची ने-आण करत होते.

माझे चालक अलीमियाँ दापोलीकडचे. मुले त्यांना अलीचाचा म्हणत. कुणाचा डबा राहिला, कुणाला डुलकी लागली, सगळे त्यांच्या ध्यानात असे. मुलांसमोर त्यांनी कधी सिगारेट पेटवली नाही, आणि याचा त्यांना अभिमान होता. पण मुले वर्गात गेली की उन्हामुळे ते माझ्या काचा लावून, एसी चालू करून आतच सिगारेट ओढत बसत. शाळा सुटण्याआधी दारे उघडून ठेवत. त्यांना वाटे, धूर गेला. तो माझ्या गाद्यांत आणि पडद्यांत मुरत होता.

दुसरीतल्या यशश्रीला त्या वर्षी दम्याचा त्रास सुरू झाला. दुपारी घरापाशी उतरताना तिची छाती घरघरत असे. डॉक्टरांनी औषध दिले आणि धूळ-धुरापासून जपायला सांगितले. तिची आई प्रियांका हिने घरातले गालिचे काढले, उदबत्तीसुद्धा बंद केली. तरी उतार पडेना. शेवटी यशश्रीला चिपळूणला आजीकडे ठेवायचे ठरले. आईवडील मात्र नोकरीसाठी इथेच राहणार होते.

प्रियांका हे अलीमियाँना सांगायला आली. यशश्री माझ्या पायरीवर उभी होती. तिला काळजी पहिलीतल्या फरिदाची.

"चाचा, माझी सीट फरिदाला नका देऊ. तिथे स्मोकचा स्मेल येतो. तिला पण खोकला होणार."

अलीमियाँ आत आले. तिच्या सीटवर वाकून त्यांनी वास घेतला. बाहेर आले तेव्हा त्यांची मान खाली होती.

"ताई, पोरगी खरं बोलते. गाडी रिकामी असली की मी आत बसून सिगारेट ओढतो. पोरांना बाधेल, हे डोक्यातच आलं नाही माझ्या."

प्रियांका म्हणाली, शाळेला सांगावे लागेल. अलीमियाँ म्हणाले, मीच सांगतो. आणि त्यांनी सांगितले.

शाळेने त्यांना महिनाभर गाडी दिली नाही. त्या महिन्यात ते आणि त्यांची बायको सकिना रोज वाहनतळावर येत. दोघांनी माझे पडदे काढले, सीटची कव्हरे बदलली, छतसुद्धा साबणाने पुसले. सकिना कुरकुरत नव्हती. फक्त एकदा म्हणाली, "आपल्या घरातली भिंतपण अशीच झाली असेल."

यशश्रीचे जाणे आधी पुढे ढकलले गेले, मग रद्दच झाले. औषध चालू होते, पण माझ्यातून उतरताना ती आता धापा टाकत नव्हती. अलीमियाँची सिगारेट लगेच सुटली नाही. पण तलफ आली की ते दूर उन्हात जाऊन उभे राहत, आणि सकिनाने घरातही ओढू दिली नाही.

मुलांनो, तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना एवढे सांगा: गाडी रिकामी दिसली तरी थोड्या वेळाने तिच्यात कुणीतरी लहान बसणार असते. त्याच्या श्वासाला जपा.