मला अर्ध्यावर सोडून जा

थांबा, थांबा, लगेच पुढे सरकवू नका! मी बोलतोय, विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या वेबसाइटवरचा व्हिडिओ. ‘ऑनलाइन ग्रंथालय कसे वापरावे’ हे माझं नाव. जन्मलो तेव्हा अकरा मिनिटांचा होतो.

ग्रंथपाल बाईंच्या केबिनमध्ये मी तयार झालो. आवाज येतो म्हणून पंखा बंद, दार बंद, आणि बाई घामाघूम होऊन माझ्यात बोलतायत. काम एवढंच होतं: घरबसल्या लेख कसा शोधायचा ते दाखवायचं. पण विभागप्रमुख म्हणाले, सुरुवातीला माझे दोन शब्द असू द्या. दोन शब्दांची दोन मिनिटं झाली. मग ग्रंथालयाचा इतिहास आला, वाचनाचं महत्त्व आलं. नमनालाच घडाभर तेल गेलं.

वेबसाइटवर बसलो आणि जिवाला घोर लागला. मुलं यायची, विभागप्रमुखांचा चेहरा दिसला की पळायची. कुणी दुप्पट वेगानं लावायचं, मग बाईंचा आवाज चिमणीसारखा व्हायचा. लेख शोधायची खरी रीत सातव्या मिनिटाला होती. तिथवर कुणी टिकलंच नाही. शेवटी मी सगळ्यांचे आभार मानायचो, तेही कुणी ऐकले नाहीत. आजकालच्या मुलांना धीरच नाही, अशी मी मनाची समजूत घालायचो. पण पडद्यावरचा माउसचा बाण जरा हलला की वाटायचं, हाही चालला की काय!

मग एक नर्स आली. इस्पितळातली नोकरी सांभाळून बारा वर्षांनी पुन्हा शिकायला लागलेली. शनिवारी निबंध द्यायचा होता आणि त्याला पाच लेख हवे होते. या वेळी जमलं नाही तर शिक्षणाचा नाद सोडते, असं तिनं बाईंना सांगितलं होतं. बाईंनी तिला संगणकासमोर बसवलं, मला लावलं आणि स्वतः मागच्या खुर्चीवर बसल्या. विद्यार्थी नेमके कुठे अडतात ते बघायचं होतं, म्हणून मध्ये बोलायचं नाही असं त्यांनी स्वतःलाच बजावलं होतं.

नर्सनं मला शेवटपर्यंत ऐकलं. आभारासकट! वहीत टिपणंसुद्धा काढली. मी हरखून गेलो. मग तिनं लेखाचं नाव टाकलं, लेखाची माहिती समोर आली, खाली निळं बटण: ‘पूर्ण पाठ’. बाण त्या बटणापाशी गेला, वर सरकला, पुन्हा खाली आला. माझा जीव टांगणीला. अगं बाई, दाब ना! मागे बाईंनी पेनाचं टोपण चावून चावून चपटं केलं होतं.

शेवटी नर्सनं हात मागे घेतला. “नाही सापडत, मॅडम. व्हिडिओत सगळं असेल हो. माझंच डोकं आता चालत नाही.”

“ते निळं बटण का नाही दाबलं?” बाईंना राहवलं नाही.

“पूर्ण पाठ? मला वाटलं, आता अजून एक अख्खा धडा ऐकावा लागणार.”

घ्या! अख्ख्या लेखाला आमच्याकडे ‘पूर्ण पाठ’ म्हणतात, हे ग्रंथालयाबाहेर कुणाला ठाऊक? अकरा मिनिटं बडबडलो, पण एवढं सांगायचं राहिलं. चूक माझी, आणि बोल ती स्वतःला लावत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“डोकं शाबूत आहे तुमचं,” बाई म्हणाल्या. “शब्द आमचा चुकला.”

एक लेख बाईंनी काढून दिला. उरलेले चार तिला घरूनच शोधायचे होते. ती गेली आणि बाईंनी मला कात्री लावली. विभागप्रमुख गेले, इतिहास गेला, आभारही गेले. मी दीड मिनिटाचा उरलो. बटणावर आता साधं लिहिलं, ‘अख्खा लेख वाचा’.

शुक्रवारी दुपारी नर्सनं मला घरून लावलं. चाळिसाव्या सेकंदाला थांबवलं. संपलं, मला वाटलं, हीसुद्धा कंटाळली. तेवढ्यात बटण दाबलं गेलं. एकदा, दोनदा, चारदा. चारही लेख उघडले. माझ्याकडे ती परत वळलीच नाही, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचं वाईट वाटलं नाही.

चैन मात्र अजून पडत नाही. आत्ताही कुणाचा तरी बाण माझ्याभोवती घुटमळतोय. तुमचाच असेल तर एक ऐका. हवं ते सापडलं की मला खुशाल अर्ध्यावर सोडून जा. नाही सापडलं, तर डोक्याला हात लावून उठू नका. आधी बाईंना कळवा, माझा आणखी एखादा शब्द चुकला असेल.