बिबट्यांचं जुळेना

‘जुन्नर बिबटे’ हा आमचा व्यावसायिक बास्केटबॉल संघ. वारूळवाडीत टोमॅटोच्या एका जुन्या गोदामात सराव चालतो. आसपासच्या लोकांना ‘व्यावसायिक’ हा शब्द अजून पटलेला नाही. “खेळायचा पगार देत्यात व्हय?” असं विचारणारे पावणे अधूनमधून डोकावून जातात. मी संख्याशास्त्र शिकले आणि या संघाची आकडेवारी बघते. खेळाडू मला तोंडावर वृषालीताई म्हणतात, मागे कॅल्क्युलेटर.

यंदा आकडे मला चक्रावत होते. हमदान जुन्नरचा, चेंडू कुणाकडे जायचा ते ठरवणारा; त्याचा पास बोट दाखवल्यासारखा नेमका. ज्योतिबा आणे गावचा, घरी मेंढरं, उंची अशी की ऑफिसच्या दारातून वाकून यावं लागतं. दोघांपैकी एकच मैदानात असला की संघ पुढे. दोघं एकत्र उतरले की मागे. दोन चांगले पदार्थ मिसळून काहीतरी बिघडतं असं रसायनशास्त्रात होतं, पण तिथे निदान धूर दिसतो.

कोच रुक्साना मॅडमनी दोघांना एका खोलीत ठेवून पाहिलं. त्यांची इतकी मैत्री झाली की दोघांत एकच चार्जर पुरायला लागला. खेळ तसाच.

“शनिवारच्या सराव सामन्यात जुळलं नाही, तर ज्योतिबाला सोडावं लागेल,” मॅडम मला म्हणाल्या. “अख्खा संघ मी हमदानभोवती बांधलाय.”

मी दोघांना समोर बसवलं. “मैदानात काय होतं रे तुम्हाला?”

“ताई, ह्यो ‘येतो’ म्हनतो अन् येतच न्हाई,” हमदान म्हणाला.

“येतो म्हनलं की मी थांबतो का कुठं? लगेच हलतो की!” ज्योतिबा चिडला.

मी या प्रकाराला ‘विश्वासाचा अभाव’ असं नाव दिलं आणि स्वतःवर खूश झाले.

गुरुवारी सुट्टी होती. ज्योतिबाच्या आईने, तुकाबाईंनी जेवायला बोलावलं म्हणून आम्ही तिघं आण्याला गेलो. आमटी इतकी तिखट की हमदान भाकरीपेक्षा पाणीच जास्त संपवत होता. मला एसटी गाठायची होती. मी घाईत उठले. “काकू, जाते मी.”

“ए पोरी! जाते काय? येते म्हनावं! ह्या घरातनं जातो म्हनून कुनी उंबरा वलांडत न्हाई.”

“लहानपनी तोंडातनं ‘जातो’ निघालं, की आये परत आत बसवायची,” ज्योतिबा हसत म्हणाला. “मग येतो म्हनायचं, तवा सुटका.”

हमदानचा पेला ओठांपाशीच थांबला.

“ज्योत्या, मैदानात तू ‘येतो’ म्हनतोस, तवा तू जात असतोस?”

“मंग? निघताना काय म्हनत्यात?”

“अरे, बाकीचे बघून टाकत्यात, मी ऐकून! माझ्याकडं येतोय असं समजून मी चेंडू अलीकडं टाकतो, अन् तू पळतोस बास्केटकडं!”

“तुमच्या घरी न्हाई का म्हनत, येतो?”

“म्हनत्यात की, राव. पन निरोप घेताना! बास्केटखाली कोन निरोप घेतं?”

माझी एसटी चुकली. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

उपाय सोपा होता. निघताना ज्योतिबाने ‘जातो’ म्हणायचं. शनिवारी पुण्याचा संघ आला, आणि पहिल्या रांगेत तुकाबाई येऊन बसल्या. हे माझ्या हिशेबात नव्हतं.

सामना सुरू झाला. ज्योतिबाने धीर करून आरोळी दिली, “जातो!”

“मेल्या, येतो म्हन!” तुकाबाई खुर्चीतून उठल्या.

आज्ञाधारक मुलगा जागीच थांबून आईकडे बघू लागला. हमदानचा अचूक पास बास्केटखालच्या मोकळ्या जागेत पोचला आणि तिथून थेट कोपऱ्यातल्या टोमॅटोच्या क्रेटच्या थप्पीत. पुढच्या वेळी ज्योतिबाचं नुसतं “जा…” झालं आणि पुढचं त्याने गिळलं. मध्यंतराला आम्ही बरेच मागे होतो. रुक्साना मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी पाणी प्यायले.

“ऱ्हाऊ दे,” हमदान ज्योतिबाला म्हणाला. “तुझी जीभ काय वळायची न्हाई. मीच कान बदलतो. तू येतो म्हन, मी गेला समजतो.”

खेळ पुन्हा सुरू झाला. “येतो!” ज्योतिबा ओरडला. पुण्याची पोरंही मराठीच. त्याच्यावर नजर ठेवणारा पोरगा, हा हमदानकडे येणार असं समजून, पास अडवायला पुढे झेपावला. तोवर ज्योतिबा त्याच्या पाठीमागे बास्केटखाली होता, आणि चेंडूही. तीच युक्ती पुन्हा चालली, मग पुन्हा. शेवटी तो बिचारा वैतागून आपल्या कोचला म्हणाला, “सर, हा येतो म्हणतो आणि येतच नाही!”

ही तक्रार मी आधी ऐकली होती.

सामना आम्ही थोडक्यात जिंकलो. रुक्साना मॅडमनी ज्योतिबाला जवळ बोलावलं. “राहतोयस तू. सोमवारी वेळेवर ये. आणि आईंना पुढच्या सामन्याला जरा मागची खुर्ची देऊ.”

आईला हाताला धरून ज्योतिबा घाईघाईने निघाला, बॅग तिथेच विसरून. “येतो, मॅडम!”

हमदान खाली बसून बुटाची नाडी सोडत होता. मान वर न करता त्याने ती बॅग उचलली आणि रिकाम्या दाराकडे भिरकावली. बॅग पोचली तेव्हा ती न्यायला परतलेला ज्योतिबा तिथे होता.