उजवीकडून ओढलेली रेघ

अश्लेषाच्या जिवाला सकाळपासून घोर लागला होता. तुळजापुरात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या या पोरीनं पाच महिने एकच ध्यास घेतला होता. उमरग्याचे सिद्राम पेंटर ट्रकच्या मागच्या फाळक्यावर जी अक्षरं काढतात, तशीच कॉम्प्युटरनं काढायची. उद्या दहाला कॉलेजात प्रोजेक्टचं पोस्टर लावायचं, आणि आज प्रोग्रॅम सांगत होता, ही अक्षरं सिद्राम पेंटरांची नाहीतच!

ब्रश कुठं टेकला, कुठं उचलला, हे प्रोग्रॅमला रंगाच्या जाडीवरून कळायचं. ट्रकांच्या दोनशे फोटोंत अक्षरांच्या डोक्यावरची रेघ उजवीकडून डावीकडं ओढलेली. आणि तिनं स्वतः घेतलेल्या व्हिडिओत सिद्राम आप्पा पाटीवर ती डावीकडून उजवीकडं ओढत होते, तीही थरथरत. तिनं चारदा तपासलं. शेवटी लॅपटॉप पाठीला मारून उमरग्याची एसटी धरली. सारी वाट नुसती पाय हलवत बसली. शेजारची बाई म्हणाली, "अगं, गाडी तुज्या पायानं चालती का?"

हायवेलगतच्या आप्पांच्या शेडपुढं रणधीर ड्रायव्हरचा नवा ट्रक उभा होता. नेहमीसारखी फाळक्यापुढं ताडपत्री बांधलेली. आप्पा ड्रायव्हरांना सांगायचे, "अर्धं अक्षर कुणी बघू न्हाय," आणि चहाला पिटाळायचे. पण आज आप्पा तर बाहेर स्टुलावर बसले होते, आणि ब्रशचा डबा आत वाजत होता.

अश्लेषानं ताडपत्री बाजूला केली. आप्पांची बायको शांताक्का खोक्यावर उभी होती. फाळक्यावर 'आई तुळ' एवढं झालेलं, आणि ब्रश डाव्या हातात. हातच्या काकणाला आरसा कशाला!

आप्पांचा चेहरा उतरला. "बारा वर्षं झाली, माझा हात थरथरतोय. पण देवीचं नाव बाईमाणसानं, त्यात डाव्या हातानं? कळलं तर इथं एक गाडी थांबायची न्हाय. पोरी, झाकली मूठ सव्वा लाखाची. पोस्टरवर माझंच नाव ऱ्हाऊ दे."

"आप्पा, अहो सगळं कामच या डाव्या हाताच्या रेघेवर उभंय. खोटं नाव कसं लावू?" अश्लेषा बोलली खरी, पण पेचात सापडली. खरं लिहावं तर यांची चूल विझणार, आणि खोटं लिहावं तर आक्कांचा हात कायमचा ताडपत्रीआड राहणार.

तेवढ्यात रणधीर चहा पिऊन आला. आप्पा ताडपत्री ओढायला धावले, पण आक्कांनीच दोरी सोडून दिली. ताडपत्री खाली पडली.

"आक्का, तुमी? आन् डाव्या हातानं? देवीचं नाव?" रणधीर तडक केबिनमध्ये चढला आणि ट्रक धूळ उडवत निघाला.

आप्पांनी कपाळावर हात मारला. अश्लेषाला रडूच फुटलं. "माझ्यामुळं झालं हे."

"गप गं. दडून दडून कटाळा आला हुता मला," आक्का म्हणाल्या. पण त्यांची नजर रस्त्यावरून हलत नव्हती.

वळणावर ट्रक थांबला. बराच वेळ तसाच थांबला. मग रिव्हर्स घेत घेत, 'आई तुळ' पुढं करून, शेडपर्यंत परत आला. रणधीर उतरला आणि खाली बघत म्हणाला, "पुरं करा, आक्का. डाव्याउजव्याचं मागनं बघू. देवीचं नाव अर्धं घिऊन घाट कसा उतरू मी?"

आप्पांना हसू की रडू झालं. आक्कांनी उरलेली अक्षरं काढली आणि वरची रेघ उजव्या टोकापासून एका दमात ओढली. मग नेहमीसारखं कोपऱ्यात 'सिद्राम पेंटर' लिहायला वाकल्या.

"थांब," आप्पा म्हणाले. "तुजं लिही."

अश्लेषानं व्हिडिओ घ्यायला मोबाईल धरला. बारा वर्षं दुसऱ्यांची नावं न चुकता काढणाऱ्या आक्कांनी स्वतःचं नाव दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा जमलं.