दाराला लावलेली ओली चादर

मित्रांनो, मी एक जुनी सोलापुरी चादर आहे. लोखंडी ट्रंकेच्या तळाशी डांबराच्या चार गोळ्यांसोबत माझी घडी पडून असते. तशी मी दिसायला देखणी. काठाला मोरांची रांग आहे, फक्त त्यातल्या एकाला चोच नाही. तिथे धागा तुटला, म्हणून कारखान्याच्या मालकांनी मला विक्रीतून बाजूला काढलं आणि मला विणणाऱ्या निंगप्पालाच देऊन टाकलं. मला मुळीच वाईट वाटलं नाही. विणणाऱ्याच्याच घरी नांदायला मिळणं किती जणींच्या नशिबी असतं!

घर म्हणजे चाळीतली एक खोली. निंगप्पा, त्याची बायको कमलम्मा आणि तीन वर्षांची रुद्राणी. ही पोर माझा कोपरा तोंडात धरून झोपायची आणि तो चिंब करून ठेवायची. कमलम्मा शेजारणींना सांगायची, "आमच्या ह्यांनी विणलीय की. लई ऊबदार हाय." ते ऐकून मी फुगून जायचे.

१९७४ च्या थंडीत शहरात महागाईविरुद्ध मोर्चा निघाला. आमच्या घरातलं त्यात कुणीच नव्हतं. निंगप्पा दुपारचा जेवायला आला होता आणि रुद्राणी त्याच्या ताटात भाकरी कुस्करत बसली होती. मोर्चा जवळच्या चौकात अडला. दगड कुणी आधी मारला, ते मला ठाऊक नाही. फटाफट आवाज झाले आणि पांढरा धूर गल्लीत शिरला. तो अश्रुधूर होता. मोर्चात कोण आणि जेवायला कोण बसलंय, हे त्याला कुठून कळणार?

रुद्राणी किंचाळली. तिच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहू लागलं. निंगप्पाला कारखान्यातली रीत आठवली. तिथे सूत कोरडं पडून तुटू नये, उडणारे कापसाचे तंतू खाली बसावेत, म्हणून खिडक्यांना ओली गोणपाटं लावतात. त्याने रांजणातलं उरलंसुरलं पाणी माझ्यावर ओतलं आणि मला दाराला टांगलं. धूर अडला. "हिनं वाचवलं बग आपल्याला," तो म्हणाला. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं कौतुक. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

कारण धूर गेला, पण त्यातली बारीक भुकटी माझ्या विणीत बसली होती. शहरात संचारबंदी लागली. नळ चौकात, म्हणून घरात कळशीत होतं तेवढं पिण्यापुरतंच पाणी. मला कोण धुणार? खोलीतल्या दोरीवर मी वाळले. संध्याकाळी रुद्राणी कुडकुडू लागली, तेव्हा कमलम्माने मला तिच्या अंगावर घातलं.

पोर कूस बदलायची तशी माझ्यातली भुकटी उडायची. ती खोकायची. डोळे सुजून बंद झाले, छाती शिट्टीसारखी वाजू लागली. कमलम्माला वाटलं, बाहेरून अजून धूर येतोय. तिने खिडकी बंद केली आणि मला पोरीच्या हनुवटीपर्यंत ओढलं. पोर जास्त खोकली की ती मला आणखी घट्ट गुंडाळायची. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते, "अगं, मला काढ! आधी मला काढ!" पण दोन दिवस मी त्या इवल्या छातीवर मुकाट पडून राहिले.

तिसऱ्या दिवशी दोन तासांची सूट मिळाली आणि शेजारच्या गोजाबाई धावत आल्या. पोरीला उचलायला त्यांनी मला ओढून झटकलं मात्र, त्यांचेच डोळे झोंबले आणि त्यांना ठसका लागला.

"कमलम्मा, धूर बाहेर कुटं हाय?" त्या खोकत म्हणाल्या. "धूर ह्या चादरीत हाय की गं!"

कमलम्मा माझ्याकडे बघतच राहिली. तिचा तो चेहरा मला अजून दिसतो.

रुद्राणीला मोकळ्या हवेत नेलं. डॉक्टरांनी तिचे डोळे साध्या पाण्याने धुतले, अंगावरचे कपडे बदलायला लावले, औषध दिलं. पोर वाचली. पण छातीतली ती शिट्टी थंडीत परत येते. कमलम्माने मला सात पाण्यांनी धुतलं, चार उन्हं दाखवली, तरी पुन्हा कधी अंथरुणावर घेतलं नाही.

मित्रांनो, असा धूर कधी तुमच्या घरात आला, तर लहानग्यांना आधी मोकळ्या हवेत न्या. डोळे चोळू नका, भरपूर पाण्याने धुवा. आणि धूर लागलेलं कापड, मग ते कितीही लाडकं असो, न धुता कुणाच्या अंगावर घालू नका.

परवा रुद्राणीने ट्रंक उघडली. आता ती आठ वर्षांची आहे. तिने चोच नसलेल्या मोरावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "अव्वा, ही कुणाची चादर गं?"

कमलम्मा भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"कुणाची न्हाय," ती म्हणाली. "ठेव ती खाली आन् हात धुऊन ये."