म्हशीच्या पैशांची खोली

मित्रांनो, मी राहात्याच्या बाजाररस्त्यावरची एक जुनी भाड्याची खोली आहे. रस्त्याकडे उघडणारे माझे दार पाहून तुम्हाला त्यात काही विशेष वाटणार नाही. पण याच दारापायी माझा जन्म फुकट जाणार होता.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली, त्याच्या पुढच्या वर्षी मला बांधले. माझी मालकीण राहीबाई. ती दर बाजाराला लोणी विकायला यायची. दुकानासाठी जागा शोधत फिरणारी माणसे तिला दिसायची, आणि रस्त्याकाठी मोकळा पडलेला घरच्या जमिनीचा तुकडाही दिसायचा. एके दिवशी तिने माहेरून आंदण मिळालेली म्हैस विकली आणि पाया खणायला लावला.

तिचा नवरा रंगनाथ कपाळाला हात लावून बसला. "म्हस दूध देती. भिंत काय देनार?"

"भाडं देईल. अन् तिला कडबा लागत न्हाई."

"दिवाळीपतुर कुनी आलं न्हाई, तर मीच कडबा भरीन हितं!"

लढाई संपली तरी पत्रे मिळत नव्हते, म्हणून माझ्या माथ्यावर मातीचे धाबे आले. दार कडुलिंबाच्या लाकडाचे. येणारा-जाणारा माझे कौतुक करायचा आणि मी फुगून जायचे. पण रंगनाथने आयुष्यात फक्त मळ्यातले घर बांधले होते. त्याने गवंड्याला बजावले, "घराचं तोंड उगवतीलाच पायजे." बाजाररस्ता होता मावळतीला! माझी पाठ सगळ्या बाजाराकडे आणि तोंड निवडुंगाच्या कुंपणाकडे. गंमत म्हणजे ही चूक कुणाच्याच ध्यानात आली नाही.

महिने गेले. कुणी फिरकेना. कोळ्यांनी जाळी विणली, एका शेळीने माझ्यात मुक्काम ठोकला. राहीबाई दर बाजाराला मला झाडून काढायची आणि उंबऱ्यावर बसून भाडेकरूची वाट बघायची. तिची म्हैस माझ्यापायी गेली, याची मला फार लाज वाटे.

दिवाळी आठ दिवसांवर आली आणि छगन शिंपी आला. त्याने मला चहूबाजूंनी न्याहाळले आणि तो खो खो हसला.

"मावशी, गिऱ्हाईक काय भिंत फोडून आत येनार व्हय?"

राहीबाईने दाराकडे पाहिले, रस्त्याकडे पाहिले. मग पदर खोचून म्हणाली, "मंग फोडूच की! पर पैसा सरलाय, बाबा."

"सहा महिन्यांचं भाडं आधीच देतो. दार तेवढं रस्त्याला काढा."

रंगनाथ तणतणला. "मावळतीला तोंड? कुनी ऐकलंय का असलं?"

"आपन ऱ्हानार असतो, तर तुमचंच खरं हुतं," राहीबाई शांतपणे म्हणाली. "हितं छगन ऱ्हानार. त्याची लक्ष्मी रस्त्यानं येनार."

रंगनाथ दारासमोरचे निवडुंगाचे कुंपण बघून आला. मग त्याने स्वतःच पहार उचलली. मला दुखले, खोटे कशाला बोलू? पण पहिले भगदाड पडले आणि त्यातून भाजीवालीची आरोळी, बैलांच्या घुंगरांचा आवाज, गरम भज्यांचा वास असा सगळा बाजार आत घुसला. मी हरखून गेले.

तेच लिंबाचे दार रस्त्याकडे बसवले, जुनी वाट बुजवली, आणि शिलाईयंत्राची खडखड सुरू झाली. लग्नसराईत तर पाय ठेवायला जागा नसे. सहा महिन्यांनी दर महिन्याचे भाडे राहीबाईच्या हातात पडू लागले, आणि तिसऱ्या वर्षी त्याच पैशांतून माझ्या भिंतीला लागून दुसरी खोली उभी राहिली.

छगनने दोन्ही खोल्या पाच वर्षांसाठी मागितल्या. भाड्याचा करार लिहायला गावचे लेखनिक दत्तोपंत आले. लेखणी शाईत बुडवून त्यांनी विचारले, "मालकाचे नाव?"

सगळ्यांनी रंगनाथकडे पाहिले. तो खाकरला. "मालक न्हाई, मालकीन. राहीबाईचं नाव घाला."

राहीबाईने अंगठा उठवला. मग उरलेली शाई कुठे पुसावी हे न सुचून तो तसाच माझ्या भिंतीवर दाबला आणि स्वतःच हसत सुटली.

मित्रांनो, आता माझे धाबे गळते, भिंतीचे पोपडे निघतात. भाडे घेणारे घेतात, वर चढून कुणी बघत नाही. माझ्यासारखी खोली तुमच्या वाट्याला आली, तर पावसाआधी तिला लिंपा, चुना लावा. मला चुना लावाल तेव्हा मात्र दाराच्या उजव्या अंगाला एक पुसट निळा ठसा दिसेल. तेवढी जागा सोडा. ती माझ्या मालकिणीची सही आहे.