नमुन्याची भिंत

मी एक जुना ओळंबा आहे. दोरीला टांगलेला पितळेचा गोळा, गवंड्याच्या पिशवीतला. मित्रांनो, माझा कोणावरच पटकन विश्वास बसत नाही. धंदाच तसा! भिंत कितीही तोऱ्यात उभी असो, शेजारी लटकून ती कुठे कलली आहे का, तेच मी बघतो.

माझे मालक मिस्त्री. त्यांचा हात इतका सरळ, की लोक मलाही शाबासकी देत. पुढे एका गोडबोल्या ठेकेदाराने आम्हाला हेरलं. मोठं काम कोणाला द्यायचं हे ठरवण्याआधी प्रत्येक ठेकेदाराला छातीएवढी नमुन्याची भिंत बांधून दाखवावी लागे. ती आम्ही बांधायचो. काम मिळालं, की मी पिशवीत आणि मिस्त्री घरी! खरी इमारत भलतेच लोक घाईघाईत उरकायचे. एकदा अशाच एका दवाखान्याची तडकलेली भिंत दुरुस्त करायला आम्हाला बोलावलं. मी लटकलो आणि बघतो तर काय, वरपासून खालपर्यंत चार बोटं फरक! तेव्हापासून नमुना दिसला, की माझ्या मनात पाल चुकचुकते.

मग शाळेचं काम निघालं. मिस्त्रींची नात त्याच शाळेत.

“आजोबा, आमचा वर्ग तुम्हीच बांधणार ना?” तिने विचारलं. मिस्त्रींनी मला पुसून पिशवीत ठेवलं.

निवडीच्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतः मला आमच्या भिंतीवर धरलं. केसाचाही फरक नव्हता. “वा! काम तुम्हालाच,” त्या ठेकेदाराला म्हणाल्या. आयुष्यात प्रथमच मला कौतुकाची लाज वाटली.

“बाई,” मिस्त्री पुढे झाले, “भिंत सरळ आहे, पण ती माझी आहे. शाळा बांधायला मी नसणार.”

“मिस्त्री, डोकं फिरलं का तुमचं?” ठेकेदार ओरडला.

बाई शेजारच्या भिंतीकडे वळल्या. सरळ होती, पण दिसायला ओबडधोबड. “ही कोणी बांधली?”

“मीच,” सिमेंटने माखलेल्या हातांची एक ठेकेदारीण म्हणाली. “शाळाही मीच बांधणार.”

काम तिला मिळालं. मिस्त्रींना मात्र गोडबोल्याने पुन्हा कधी बोलावलं नाही. कित्येक दिवस आम्ही दोघं घरी बसून होतो. शेवटी त्या ठेकेदारणीनेच निरोप धाडला, “या, नातीचा वर्ग तुम्ही बांधा.”

आता मिस्त्री थकले. मी त्याच वर्गात खिळ्याला लटकतो. दोरी कुजली आहे, कोणी बदलत नाही. मित्रांनो, तेवढी बदला. आणि कोणी सुंदर नमुना दाखवला, तर उद्या विटा कोण रचणार, हे आधी विचारा. नातीच्या बाकामागची भिंत मी अजूनही रोज तपासतो. काय करू, सवयच! आजही सरळ आहे.