दोरा ओवणारीचं वाक्य

"मॅडम, चव्वेचाळीस!" विद्यार्थिनी खुर्चीतून अर्धी उठलीच. "सकाळी नऊला तीन ग्रुपांवर होता, आत्ता चव्वेचाळीस. एखादा मजकूर अगदी उगमापासून आपल्या हाती लागतोय, असं पहिल्यांदाच झालंय!"

विद्यापीठातल्या त्या खोलीत लांब टेबलावर एकतीस जुने फोन चार्जरला लावून ओळीने मांडलेले होते. प्रत्येक फोन पाच-पंचवीस ग्रुपांचा सभासद. निवडणुकीतला मजकूर कुठून सुटतो, कुठवर जातो, हे त्यांवर कळायचं. पक्ष साधे एसएमएस पाठवायचे तेव्हापासून प्राध्यापक बाई हेच मोजत आल्या होत्या. अठरा वर्षांत या टेबलाने त्यांचा चष्मा तीनदा बदलायला लावला होता आणि लग्नाचा विषय कायमचा मागे पाडला होता.

"वाच बरं," बाई म्हणाल्या.

"'हिला ओळखलंत का? आपल्यात बसून आपलंच घर फोडणारी घरभेदी. प्राध्यापिकेपुढे सगळं ओकली.' खाली एका बाईचा फोटो आहे. शिवणकामाचं दुकान दिसतंय."

बाईंनी तो फोन हातात घेतला आणि फोटो मोठा करून पाहिला.

त्या दुकानात त्यांनी दोन निवडणुका काढल्या होत्या. शिवणमावशी मशीन चालवायची, रिळांच्या डब्याला फोन टेकवून ठेवायची आणि पक्षाकडून आलेला मजकूर साठ ग्रुपांना वाटून टाकायची. तोंडात टाचण्या धरल्या तरी तिची टकळी काही थांबत नसे. एकदा बाईंनी विचारलं होतं, मजकूर खरा की खोटा हे बघता का? मावशी म्हणाली होती, "आम्ही नुसता दोरा ओवून देतो हो बाई. कुणाचं शिवलं जातं नि कुणाचं उसवतं, ते बघत बसलो तर डोळे जातील."

नाव कुठेही येणार नाही, असं बाईंनी लिहून दिलं होतं, आणि पुस्तकात नाव आलंही नाही. वय बदललं, मोहल्ला बदलला, धंदाही बदलून तिला शिक्षिका केलं. वाक्य तेवढं जसंच्या तसं ठेवलं, कारण ते फार आवडलं होतं. गेल्या रविवारी एका वर्तमानपत्राने त्याचाच मथळा केला.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला.

"बाई, पेपरातलं ते वाक्य पक्षाच्या ऑफिसात कुणीतरी मोठ्यानं वाचलं म्हणे," मावशीला धाप लागली होती. "पुरं व्हायच्या आत सगळे एका सुरात, ही तर आपली शिवणमावशी! अहो, निम्म्या गावाला ऐकवलंय मी ते. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात ना, ते बघतेय आता. दुकानाचा मालक म्हणतो, खाली करा. वीस वर्षांचं दुकान हो! आणि मजकूर फिरतोय कुठं, तर मीच उभ्या केलेल्या ग्रुपांवर."

"मावशी, माझी चूक झाली."

"चूक-बिक मागून बघू. तुम्ही यातल्या जाणत्या. हे थांबवायचं कसं, तेवढं सांगा. सांगाल ते करते."

बाई मनातल्या मनात आपलं लिखाण चाळू लागल्या. दोन पुस्तकं, एकेचाळीस लेख. मजकूर पसरतो कसा, कुणाकडून, दिवसाच्या कुठल्या घटकेला, सगळं त्यांत होतं. थांबतो कसा, यावर एक पान नव्हतं. उलट त्यांनीच ठासून लिहिलं होतं की शंभर ग्रुप ओलांडल्यावर खुलासा मजकुरामागे लंगडत धावतो.

"मी करते काहीतरी," त्या कशाबशा म्हणाल्या.

"लवकर करा. तहान लागल्यावर विहीर खणायची पाळी आलीय आपल्यावर."

बाईंनी तिथेच बसून चार ओळी लिहिल्या. ते वाक्य कुणीही म्हटलेलं नाही. ते मी स्वतः रचलं. फोटोतल्या बाईंचा माझ्या संशोधनाशी संबंध नाही. खाली सही.

विद्यार्थिनीने वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. "मॅडम, हे खोटं आहे. आपल्याकडे त्यांचं रेकॉर्डिंग आहे."

"मला माहीत आहे."

"एक वाक्य रचलं म्हटल्यावर बाकीच्यावर कोण विश्वास ठेवेल? आयुष्यभराचं काम पाण्यात जाईल."

"जाऊ दे. पाठव."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मजकूर तीनशे बारा ग्रुपांवर पोचला होता आणि खुलासा नऊंवर. बाईंचा सिद्धांत इतका चोख कधीच उतरला नव्हता. खुलाशावर विश्वास बसला तो एकाच ठिकाणी, विद्यापीठात. तिथून संध्याकाळी पत्र आलं: बनावट पुराव्याबद्दल चौकशी होईपर्यंत खोलीची किल्ली जमा करावी. अठरा वर्षं ज्या लोकांनी त्यांचं एक पान धड वाचलं नव्हतं, त्यांनी या चार ओळी मात्र मन लावून वाचल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई दुकानावर गेल्या. शटरवर काळ्या रंगाने 'घरभेदी' लिहिलेलं होतं. कुणीतरी ते पुसायला गेलं होतं आणि डाग आणखी पसरला होता. आत भिंतीवरचे हँगर रिकामे. गिऱ्हाइकांनी अर्धे शिवलेले कपडेसुद्धा परत नेले होते.

"मावशी."

"या. बसा."

बाई बोलणी खायच्या तयारीने आल्या होत्या. त्यांनी खुलाशाचं सांगितलं, किल्लीचं सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांना रडू आवरेना.

"बरं," मावशी म्हणाली.

"अहो, बोला ना काहीतरी. शिव्या द्या मला. तुमचा हक्कच आहे."

मावशीने मान वर केली. तिच्या ओठांत आज टाचण्या नव्हत्या. "माझ्या शिव्याही ओळखू येतात, बाई. आता कुणाचंही वाटेल असंच बोलायचं ठरवलंय. हो. नाही. बरं. बसा."

बाईंना वाटलं, तिने चार लोकांत आपल्याला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. नाव झाकायच्या नादात त्यांनी या बाईचं बोलणंच काढून घेतलं होतं. याची भरपाई कुठल्याही खुलाशाने होणार नव्हती.

मावशी मशीनकडे वळली. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून ती सुईत ओवू लागली. नेम एकदा चुकला, दोनदा चुकला. बाई उठल्या, तिच्या हातून दोरा घेतला आणि डोळे पुसून, नेढ्याजवळ चेहरा नेऊन तो ओवून दिला.

"बरं," मावशी म्हणाली आणि तिने पाय पायडलवर ठेवला. मशीन बराच वेळ चाललं. सुईखाली कापड नव्हतं.